ग्वानाह्वातो की सान मिगेल दे आयेंदे, मुक्काम कुठे करावा?

दोन्ही गावं मेक्सिकोतल्या एकाच राज्यात, बसने साधारण दीड तासाचं अंतर, दोन्ही वर्ल्ड हेरिटेज, त्यामुळे हातात चारच दिवस असले की हा प्रश्न पडतोच. मी दोन्हीकडे तीन-तीन रात्री राहिलोय.

देखणं म्हणाल तर सान मिगेल, यात वादच नाही. संध्याकाळी मुख्य चर्चचा गुलाबी दगड असा काही उजळतो की बघत बसावं. तो दर्शनी भाग मात्र स्पॅनिश राजवटीतला नाही, सेफेरिनो गुतिएरेस नावाच्या तिथल्याच गवंड्याने १९व्या शतकाच्या शेवटी बांधलाय. आणि जवळचं आतोतोनिल्कोचं चर्च चुकवू नका, भिंती आणि छत चित्रांनी नुसतं भरलंय, स्पेनविरुद्धच्या १८१० च्या उठावात त्याचा नेता, पाद्री इदाल्गो, याने ग्वादालुपे मातेचं (म्हणजे मेरीचं) चित्र झेंडा म्हणून घेतलं ते इथूनच.

माझं बिनसलं ते इंग्रजीवरून. सहा महिने रोज रात्री बसून स्पॅनिश शिकलो होतो, आणि चौकात कणीस विकणाऱ्या बाईंना भाव विचारला तर उत्तर इंग्रजीत, कॅफेत तेच, दुकानात तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक तिथे कला शिकायला आले, नंतर कितीतरी परदेशी लोक तिथेच स्थायिक झाले, म्हणजे गावाचा दोष नाही. पण तीन दिवसांत माझं एक वाक्य पुरं झालं नाही हो.

ग्वानाह्वातोत त्रास वेगळा. टॅक्सी दारापर्यंत येत नाही, बॅग उचलून पायऱ्या चढायच्या, आणि जुन्या नदीच्या पात्रातून आता जमिनीखाली रस्ता जातो त्यामुळे फोनवरचा मॅपही गोंधळतो. पण आलोंदिगाला, म्हणजे त्या जुन्या धान्याच्या कोठारापाशी गेलो, तिथे उठावाच्या चार नेत्यांची शिरं १८११ ते १८२१ अशी दहा वर्षं चार कोपऱ्यांना टांगलेली होती. कुठला कोपरा कुणाचा, हे तिथल्या एका आजोबांनी मला फिरून दाखवलं, सावकाश स्पॅनिशमध्ये, मी शब्द शोधत अडलो की ते थांबायचे. त्यातला एक आयेंदे, ज्याच्यावरून सान मिगेलच्या नावात 'दे आयेंदे' आलं. त्याचं घर तिकडे चौकात छान जपलंय, शीर मात्र इथे टांगलं होतं.

पायऱ्या चढणं जमत नसेल किंवा आईवडील सोबत असतील तर सान मिगेलच बरं पडेल बहुतेक. नाहीतर बॅग हलकी घ्या, ग्वानाह्वातोत राहा, सान मिगेल सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत, एवढ्यात होतं.