सिंथचा पॉवर सप्लाय: दुरुस्त करावा की अख्खा बदलावा?

सिंथचा, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, डिस्प्ले लुकलुकतो, आवाजात घरघर येते, आणि यंत्र तापलं की सगळं आपोआप ठीक होतं. असं असेल तर माझा पहिला संशय पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग). उष्णतेने त्यातलं द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं.

दुरुस्ती मला जास्त पटते. चार-पाच कपॅसिटर बदलले की बहुतेकदा काम होतं, शिवाय बोर्ड मूळ जागी, मूळ स्क्रूंवर बसतो. माझ्या एका सिंथमध्ये 5 व्होल्टच्या लाइनवर मीटर जेमतेम 4.6 दाखवत होता. एका कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं, बस्स. नवे घेताना 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच घ्या, स्विचिंग सप्लायला (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा प्रकार) कमी ईएसआरचे, म्हणजे आतला रोध कमी असलेले. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजूला, हे सोल्डर करण्याआधी दोनदा बघा.

पण धोका खरा आहे. 230 व्होल्टच्या मेन्सवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर 320 व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो. हात सरावाचा नसेल तर तयार मॉड्यूल, म्हणजे अख्खा नवा सप्लाय, बरं. किंवा जाणकाराकडे द्या.

मॉड्यूल झटपट बसतं म्हणतात, ते अर्धंच खरं. बऱ्याच सिंथना 5 व्होल्टसोबत अधिक-उणे 12 किंवा 15 हवे असतात, करंटही पुरायला हवा. लिनियर सप्लायच्या (जड ट्रान्सफॉर्मरवाला प्रकार) जागी स्विचिंग बसवलात तर ऑडिओत बारीक शिट्टी शिरू शकते. आणि मुख्य बोर्डच शॉर्ट असेल, तर नवं मॉड्यूलही तसंच मान टाकेल.