कोषागार की धोरण-अभ्यास? मराठवाड्यातल्या पदवीधरांसाठी एक तुलना

सरकारी पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे अडतो, यात ज्यांना रस आहे त्यांच्यापुढे मराठवाड्यात एकच रस्ता ठेवला जातो: एमपीएससी. औरंगपुऱ्यातल्या क्लासपासून लातूरच्या अभ्यासिकेपर्यंत दुसरं काही कानावर पडत नाही. दुसरा रस्ता धोरण-अभ्यासाचा, म्हणजे सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का हे तपासण्याचा. तो आहे, पण अरुंद आहे आणि लवकर बंद होतो. पगाराची गोष्ट नंतर. आधी काम काय असतं ते बघू.

जलयुक्त शिवार घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये ही जलसंधारणाची योजना सुरू झाली. एखाद्या गावच्या सिमेंट नाला बांधाचं बिल कोषागारात, म्हणजे सरकारी पैसे देणाऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयात आलं, की तिथला लेखा अधिकारी बघतो: तरतूद आहे का, बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी वितरित झालाय का, लेखाशीर्ष (खर्च कुठल्या खात्यावर पडतो त्याचा क्रमांक) बरोबर टाकलंय का, मंजुरीचे कागद जोडलेत का. एक कागद कमी पडला तर आक्षेप, बिल परत. बांधात पाणी थांबलं का, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. धोरण-अभ्यासक नेमका तिथून सुरू होतो. या योजनेवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले, तरी पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात फारसा फरक पडला नाही, असं कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात म्हटलं. तपासणीसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत बीडही होता. म्हणजे लेखापरीक्षण हा मधला प्रकार झाला: नोकरी सरकारी, प्रश्न बराचसा अभ्यासकाचा. राज्यात स्थानिक निधी लेखापरीक्षा आणि केंद्रात महालेखापालांची कार्यालयं हे काम करतात. क्लासमध्ये या दोन्हींचं नाव फार कमी घेतलं जातं, हे मला खटकतं.

आता प्रवेशाचं बघा. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतलं सहायक संचालक पद राज्यसेवा परीक्षेतून मिळतं. नुसती पदवी असेल तर ५५ टक्क्यांची अट असते. पसंतीक्रम भरण्याआधी जाहिरात नीट वाचा. गट अ चा मूळ पगार ५६,१०० पासून. पुढे जिल्हा कोषागार अधिकारी किंवा जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी. खालच्या पायरीवर कोषागारातला कनिष्ठ लेखापाल: २९,२०० पासून, भरती विभागवार. परभणी-हिंगोलीच्या मुलाला घराजवळ राहायचं असेल तर हे पद हलक्यात घेऊ नये. मार्च एंडला रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, बाकी वर्ष सुसह्य जातं.

धोरण-अभ्यासाकडे अशी एक परीक्षा नाही. पुण्याची १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था किंवा आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) तुळजापूर केंद्र, अशा ठिकाणी शिक्षण; मग फेलोशिप; मग संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था. पदं बहुतेक प्रकल्पावर असतात आणि प्रकल्प संपला की करार संपतो. घरी कर्ज असेल, धाकट्यांचं शिक्षण तुमच्यावर असेल, तर हा हिशेब आधी मांडा.

जागेचा प्रश्न तर याहून बिकट. मराठवाड्यासह राज्याच्या विभागीय अनुशेषावर दांडेकर समितीने १९८४ मध्ये आणि केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ १९९४ पासून होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सिंचन, रस्ते, आरोग्य यांत आपला वाटा किती, हे आकड्यांत मांडणाऱ्यांची गरज त्यामुळे वाढली; पण ते करायला पगार देणाऱ्या जागा मुंबई, पुणे, दिल्लीत आहेत. काम मराठवाड्याचं, भाडं पुण्याचं.

बोलण्याची मोकळीक ही गोष्ट मुलं विचारतच नाहीत. सरकारी नोकरीत वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. ज्याला लिहायची खाज आहे, त्याला हे पाच वर्षांत काचू लागतं. उलट बाहेरच्या अभ्यासकाला बोलता येतं, पण आतला कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट बघावी लागते. लेखाशीर्ष २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तीची मदत, हे त्याला पुस्तकातून कळतं. अतिवृष्टीची रक्कम त्या हेडखाली येऊनही तालुक्यात का थांबली, हे मात्र आत बसलेला कारकूनच सांगू शकतो.

माझं मत क्रमाबद्दल आहे, आणि ते क्लासवाल्यांच्या सल्ल्याच्या उलट आहे. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मुख्यमंत्री फेलोशिप २१ ते २६ वयातच मिळते. पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, त्यात पूर्णवेळ इंटर्नशिपही धरली जाते. खासदारासोबत काम करायची, पीआरएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप २५ वर्षांपर्यंत. आपल्याकडे मुलं विशीतली सगळी वर्षं राज्यसेवेला देतात आणि सत्ताविसाव्या वर्षी दुसरं काही शोधायला लागतात. तोवर ही दोन्ही दारं लागलेली असतात. म्हणून घरची ओढाताण एखाद-दोन वर्षं सोसण्याजोगी असेल, तर आधी फेलोशिप आणि मग परीक्षा. नसेल, तर कनिष्ठ लेखापालाची जाहिरात सोडू नका. नोकरीत राहून राज्यसेवा देणारे पुष्कळ आहेत.

शिवाय राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांना गोल करायची तयारी धोरण-अभ्यासात काहीच कामाची नव्हती. आता एखाद्या योजनेवर मुद्देसूद तीन पानं लिहिण्याचा सराव दोन्हीकडे चालतो. अर्थशास्त्रात एम.ए. असाल तर भारतीय आर्थिक सेवा हाही पर्याय आहे; जागा थोड्या, पण धोरणाच्या सगळ्यात जवळ नेणारी सरकारी नोकरी तीच.

कोणता पिंड आपला, हे ठरत नसेल तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर स्वतःच्या गावाचा विकास आराखडा उघडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला होता, आणि ४० टक्के अबंधित. कुठली रक्कम कुठल्या कामाला दाखवली ते बघा आणि नंतर ते काम गावात जाऊन बघा. बेरजा जुळत नाहीत म्हणून झोप उडाली, तर लेखा सेवा. बेरजा जुळूनही नळाला पाणी नाही याचा राग आला, तर दुसरीकडचे अर्ज आधी भरा.