वाळवंटात लाट हवी का? ला किंटा आणि पाम डेझर्ट यांच्या दोन निर्णयांची तुलना

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात तीन वर्षांच्या अंतराने दोन शेजारच्या नगरपरिषदांपुढे जवळपास एकच प्रश्न आला. कृत्रिम लाटांचा तलाव, त्याभोवती हॉटेल आणि घरे असे रिसॉर्ट भर वाळवंटात होऊ द्यायचे का? पाम डेझर्टने नोव्हेंबर २०१९ मध्ये होकार दिला. ला किंटाने सप्टेंबर २०२२ मध्ये एकमताने नकार दिला. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. तुमच्या गावापुढे असा प्रस्ताव असेल, तुम्ही परिषदेत बसत असाल किंवा सुनावणीत तीन मिनिटे बोलायला उभे राहणार असाल, तर या दोन्ही प्रकरणांची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

आधी दोन्ही प्रस्तावांचे आकारमान पाहू. ला किंटातला प्रस्ताव कोरल माउंटन या डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ३८६ एकरांवर होता. १६.६ एकरांचा लाटांचा तलाव, १५० खोल्यांचे हॉटेल आणि ६०० पर्यंत घरे. लाटेचे तंत्र सर्फिंगमधला विश्वविजेता केली स्लेटर याच्या कंपनीचे. पाम डेझर्टमधला डेझर्ट सर्फ हा प्रस्ताव त्यामानाने लहान: साधारण १८ एकर जागा आणि त्यात साडेपाच एकरांचा तलाव. शिवाय ही जागा डेझर्ट विलो या शहराच्याच मालकीच्या गोल्फ रिसॉर्टला लागून होती. हा शेवटचा तपशील विसरू नका.

पाण्याचा आकडा नेमका कोणता विचारायचा

या खोऱ्यात वर्षाला जेमतेम ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा सहज ४५ अंशांपुढे जातो. पाणी येते जमिनीखालून आणि कोलोरॅडो नदीतून. नदीचे पाणी आणणारा कालवा १९४०च्या दशकाच्या अखेरीस पुरा झाला. पुढे ला किंटातच त्याच्या शेवटच्या टोकाला लेक कव्हिया हा साठवण तलाव बांधला गेला. त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की इथले लोक आकडे तोंडपाठ असल्यासारखे बोलतात.

कोरल माउंटनच्या वादात सगळ्यात गाजलेला आकडा होता १ कोटी ८० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ६.८ कोटी लिटर. तलाव एकदा भरायला लागणारे हे पाणी. घोषणा द्यायला तो बरा, निर्णय घ्यायला फारसा उपयोगाचा नाही. तलाव एकदा भरतात, त्याची वाफ मात्र रोज होते. या खोऱ्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण सहा फूट पाणी उडून जाते. १६.६ एकरांना सहा फुटांनी गुणले की सुमारे १०० एकर-फूट होतात, म्हणजे सव्वातीन कोटी गॅलनांच्या आसपास. पहिल्या भरणीच्या जवळजवळ पावणेदोन पट पाणी दरवर्षी नुसते हवेत जाणार. गाळणयंत्रणा धुण्यात जाणारे वेगळे. म्हणून विकासकाला पहिला प्रश्न हाच विचारा: तलाव भरल्यानंतर दरवर्षी किती पाणी लागणार, आणि ते कोणत्या स्रोतातून?

विकासकाच्या बाजूचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकायला हवे. या हवेत एक एकर गोल्फची हिरवळ आणि एक एकर उघडे पाणी यांची तहान साधारण सारखीच असते. अठरा होलच्या गोल्फ मैदानाची भिजवावी लागणारी जमीन सोळा एकरांच्या कितीतरी पट असते आणि खोऱ्यात अशी सुमारे १२० मैदाने आहेत. तेव्हा गोल्फपेक्षा लाटांना पाणी कमी लागते, हा ला किंटातल्या विकासकाचा दावा गणिताने खोटा नव्हता. तरीही प्रस्ताव पडला. का पडला, ते समजून घेण्यासारखे आहे.

तुलना कशाशी, हे कोण ठरवते

कोरल माउंटनच्या जागेवर आधीपासून घरे आणि गोल्फ यांना मंजुरी होती. विकासक म्हणत होता, आमची तुलना त्या मंजूर गोल्फशी करा. आसपासच्या वसाहतींतले लोक म्हणत होते, गोल्फ कुठे आहे? आज तिथे मोकळे वाळवंट आहे आणि आम्ही घर घेतले तेव्हा नकाशावर शांत निवासी पट्टा लिहिलेला होता. दोघांच्या हातात एकच जागा होती, फक्त मोजपट्टी वेगवेगळ्या खुणेपासून लावलेली.

माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचा गाभा हाच आहे, आणि सुनावण्यांत यावरच सगळ्यात कमी बोलले जाते. पर्यावरण परिणाम अहवाल शेकडो पानांचा असतो. त्यात पर्यायांचे प्रकरण असते आणि ‘काहीच न केल्यास’ हाही एक पर्याय मांडावा लागतो. ते प्रकरण आधी वाचा. तिथे ‘काहीच न करणे’ म्हणजे मोकळी जमीन धरली आहे की पूर्वीच्या मंजुरीतले बांधकाम, हे पाहिले की पुढचे सगळे आकडे कुठल्या बाजूला झुकणार ते कळते.

ला किंटाच्या परिषदेकडे विकासकाने जमिनीचा वापर बदलून मागितला होता, निवासी आणि गोल्फचा पट्टा पर्यटन-व्यापारी करून. असा बदल हा कोणाचाही हक्क नसतो. मंजूर पट्ट्यात नियमांत बसणारे काम कोणी मागितले तर परिषदेचे हात बरेचसे बांधलेले असतात. वापरबदल मागितला की मात्र निर्णय सर्वस्वी परिषदेचा असतो आणि ती संधी एकदाच येते. पट्टा बदलल्यावर तो प्रकल्प बारगळला तरी नवा पट्टा तसाच राहतो, पुढच्या खरेदीदाराला आयता मिळतो. ला किंटाच्या नकाराचे मला कौतुक वाटते ते यासाठी. गोल्फ चांगला की लाट चांगली, यात परिषदेला पडावेच लागले नाही. शेजाऱ्यांना नकाशावर दिलेला शब्द मोडण्याइतके सबळ कारण समोर आले आहे का, इतकेच तिला ठरवायचे होते.

नकाराची किंमतही होती आणि ती लपवू नये. नंतर त्याच जागेसाठी लाटांऐवजी गोल्फचा आराखडा पुढे आला. ज्यांनी केवळ पाणी वाचावे म्हणून विरोध केला होता, त्यांच्या पदरी कदाचित जास्त तहानलेला प्रकल्प पडला. तुमच्या गावात तुमचा विरोध पाण्यासाठी असेल तर जुन्या मंजुऱ्या आधी तपासा. नाहीतर छोट्या तळ्याविरुद्ध जिंकाल आणि मोठी हिरवळ मुकाट पत्कराल.

पाम डेझर्टमध्ये हा पेच नव्हता. जागा शहराच्या हातातली, शेजारी शहराचेच गोल्फ मैदान. त्यामुळे परिषद दोन भूमिकांत होती: नियम लावणारी आणि जमीन देणारी. जमीन देणारा करारात अटी घालू शकतो. तलावाला लागणारे पाणी भरून काढण्यासाठी शेजारच्या मैदानावरची हिरवळ काढायची, अशी तजवीज तिथे झाली. लाटेसाठी पाणी घ्या, पण त्याच नळातले तितकेच दुसरीकडे वाचवा. हा सौदा मला पटतो, कारण तो मोजता येतो. किती चौरस फूट गवत निघाले ते कोणीही जाऊन पाहू शकते. ‘पाणी जपून वापरू’ असे नुसते आश्वासन असते तर कोणी काय मोजले असते?

काळवेळ

ला किंटाच्या मतदानाच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, केंद्र सरकारने कोलोरॅडो नदीवर पुढच्या वर्षासाठी टंचाईची दुसरी पायरी जाहीर केली होती. नदीवरच्या लेक मीड या मोठ्या जलाशयाचे पाणी, तो पहिल्यांदा भरला तेव्हापासूनच्या नीचांकाला त्या उन्हाळ्यात गेले होते. २०१९ मध्ये पाम डेझर्टच्या सभेवर अशी छाया नव्हती. हे खरे आहे, आणि निकालांतल्या फरकाचा काही भाग त्यातूनही आला असणार. पण रिसॉर्ट तीस-चाळीस वर्षे उभे राहते. कोरड्या वर्षी नकार आणि ओल्या वर्षी होकार, असे ठरवणाऱ्या गावाला पाण्याचे धोरण आहे असे मी मानणार नाही.

उजेड, आवाज, मेंढ्या

इथे ला किंटातल्या विरोधकांची बाजू पाण्यापेक्षाही भक्कम होती. तलावाभोवती ८० फुटी दिव्यांचे खांब लागणार होते आणि लाटा रात्री दहापर्यंत चालणार होत्या. ला किंटा हे रात्रीचे आकाश काळोखे राहावे म्हणून दिव्यांवर नियम करणारे गाव आहे. मागे सांता रोझा डोंगररांगा आहेत, तिथल्या बिगहॉर्न मेंढ्यांना १९९८ पासून केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. डोंगराच्या कड्यावरून आवाज परत फिरतो, लाट ओढणाऱ्या यंत्राचाही आणि ध्वनिक्षेपकाचाही. पाम डेझर्टची जागा खोऱ्याच्या मधोमध, आधीच हॉटेले आणि दिवे असलेल्या भागात आहे. तिथे नवा खांब नव्याने जाणवत नाही.

जागेवर एकदा रात्री जाऊन उभे राहा. अहवालातले छायाचित्र दुपारचे असते.

पैसा

दोन्हीकडे आमिष एकच: हॉटेलच्या भाड्यावरचा कर. कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मोठा वाटा जिल्हा आणि शाळांकडे जातो. पाहुण्यांच्या खोलीवरचा कर मात्र पूर्ण शहराच्या तिजोरीत पडतो. म्हणून लहान शहरांना घरांपेक्षा हॉटेल प्यारे. हे समजण्यासारखे आहे, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण कोरल माउंटनमध्ये ६०० घरांनाही अल्पमुदतीच्या भाड्याने देण्याची मुभा हवी होती, आणि तेही साध्या निवासी वस्त्यांत असे नवे परवाने देणे शहराने थांबवले असताना. शिवाय लाट सर्वांसाठी खुली नव्हती, ती तिथल्या रहिवाशांसाठी आणि पाहुण्यांसाठीच होती. उजेड आणि आवाज सगळ्या गावाने सोसायचा, पोहायचे मात्र कुंपणाआतल्यांनी. करातून याची भरपाई होते का, याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापले द्यावे. माझे उत्तर नाही असे आहे.

जिथे सौदाच करता येत नाही

पाणी आणि पैसा यांत गुंतलो की तिसऱ्या प्रकारचे प्रकरण नजरेआड होते. ॲरिझोनात नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे स्वतःचे सरकार असलेल्या तिथल्या मूलनिवासी समाजाच्या, परिषदेपुढे ग्रँड कॅन्यन एस्कलेड हा प्रस्ताव होता: कड्यावर ४२० एकरांवर हॉटेले आणि दुकाने, आणि तिथून खाली, लिटल कोलोरॅडो जिथे कोलोरॅडोला मिळते त्या संगमापर्यंत उडनखटोला (रोपवे). रस्ता, पाणी, वीज यांसाठी नवाहो सरकारनेच साडेसहा कोटी डॉलर घालायचे होते. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी परिषदेने तो १६ विरुद्ध २ मतांनी फेटाळला.

हे प्रकरण वाचताना मला समर्थकांचा राग आला नाही. त्या भागावर १९६६ पासून बेनेट फ्रीझ नावाची बांधकामबंदी होती, ती कायमची उठली २००९ मध्ये. चार दशके लोकांना घराला नवी खोली जोडता येत नव्हती. कित्येक घरांत वीज नाही, नळ नाही. अशा ठिकाणी रोजगाराचा शब्द उच्चारणाऱ्याला हावरट म्हणणे अन्यायाचे आहे. तरीही संगम नवाहो, होपी आणि झुनी या तिन्ही समाजांना पवित्र आहे. तिथे गवत काढून पाण्याची भरपाई करता येईल, पावित्र्याची कशाने करणार? अट घालून सुधारता येईल असा तो प्रस्तावच नव्हता. तुमच्या जागेत असे काही आहे का, ते विकासकाच्या सल्लागाराला विचारू नका. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना विचारा, आणि नकाशे काढायच्या आधी विचारा.

बंद पडले तर

मोहावी वाळवंटात न्यूबेरी स्प्रिंग्जजवळ लेक डोलोरेस नावाचे जलक्रीडा उद्यान होते. २००४ मध्ये ते बंद पडले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे महामार्गावरून त्याचे मोडके सांगाडे दिसत राहिले. याच्या उलट पाम स्प्रिंग्जमध्ये जुन्या जलक्रीडा उद्यानाच्या जागेवरच लाटांचा तलाव उभा राहिला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो चालू झाला. नवे वाळवंट न खणता आधी वापरलेली जागा घेतली, याचे मला मोल वाटते. पाम डेझर्टमध्येही मंजुरीनंतर काम सुरू व्हायला काही वर्षे गेली. पैसा जमवायला वेळ लागतो, तंत्र बदलते, मालक बदलतात.

म्हणून हो म्हणणार असाल तर मतदानाआधी तीन गोष्टी करारात लेखी मागा. टंचाई जाहीर झाली की तलाव कोणत्या पातळीला कधी रिकामा करायचा. हिरवळ काढण्याचे काम तलाव भरण्याआधी पुरे करायचे, मागाहून नाही. आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम झाले नाही तर जमिनीचा वापर आपोआप पूर्ववत व्हायचा आणि खड्डा बुजवण्याइतकी अनामत शहराकडे असायची. यातल्या तिसऱ्या अटीवर विकासकाचा वकील सगळ्यात जास्त घासाघीस करेल. तो करत असताना घाईने मतदान उरकू नका. सुनावणी पुढच्या तारखेला ढकलण्याचा अधिकार परिषदेला असतो.