मटन स्ट्रीट, चोरबाजार: घरासाठी जुनं पितळ, जुन्या तसबिरी घ्यायला जात असाल तर

आधी निकाल सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच. पण जुन्या घरगुती वस्तू, म्हणजे अडकित्ते, लामणदिवे, करंडे, पानाचे डबे, पोळ्याचे पितळी बैल, असलं काही ज्यांना मनापासून आवडतं त्यांनी मुंबईत दुसरीकडे कुठे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गल्ली सापडायला सोपी आहे. सरदार पटेल रोड आणि मौलाना शौकत अली रोडच्या मधे, सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून चालत येता येतं, गाडी आणायच्या भानगडीत पडू नका. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तो वेगळाच प्रकार आहे, तिथे जुने बूट, हत्यारं, चार्जर, मशीनचे पार्ट असलं जास्त. आपल्याला हवं ते दुकानांत असतं, त्यामुळे इतर कुठल्याही दिवशी या आणि अकरा-साडेअकरानंतरच या.

माल येतो कुठून हे आधी समजून घ्या म्हणजे काय शोधायचं ते कळतं. वाडा पडतो, वाटण्या होतात, वन बीएचके मध्ये दोन हात उंचीच्या समया कोण ठेवणार, मग भंगारवाल्याकडे वजनावर जातं आणि त्यातलं चांगलं निवडून इथे येतं. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या घरातली वस्तू, गुजरातमधली पेटी, पारशी घरातलं कपाट आणि मुरादाबादहून गेल्या महिन्यात आलेला नवाकोरा "अँटिक" नटराज हे सगळं एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेलं असतं. निवडायचं काम तुमचं.

अडकित्त्याचं उदाहरण घ्या कारण मला त्याचं भयंकर वेड आहे. घोडा, मोर, राघू, नवराबायकोची जोडी, किती आकार असतात. जुन्या अडकित्त्याचं पातं वर्षानुवर्षं धार लावून लावून आत गेलेलं दिसतं, खिळा थोडा ढिला झालेला असतो आणि जिथे बोटं टेकतात तिथलीच नक्षी गुळगुळीत झालेली असते, बाकीची तशीच. नकली मालात झीज सगळीकडे सारखी, कारण ती मशीनने किंवा अ‍ॅसिडने आणलेली. दिव्यांचं पण तेच, खऱ्या लामणदिव्याच्या खाचांमध्ये तेलाचं आणि काजळीचं कडक किटण बसलेलं असतं, नखाने खरवडलं तरी लवकर निघत नाही, आणि नकली हिरवा-काळा रंग ओल्या रुमालाने पुसला की रुमालावर येतो. साखळी असेल तर कड्या बघा, कडीला कडी घासून आतून बारीक झालेली असेल तर तो दिवा खरंच टांगलेला होता.

तसबिरी घेणाऱ्यांनी भिंग घेऊनच जा, दहा पटीचं छोटं सोनाराचं भिंग मिळतं ते. रवि वर्मा प्रेस, म्हणजे चित्रकार राजा रवि वर्मांचा छापखाना, 1894 ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं एकेकाळी घराघरात होती आणि बायकांनी त्यावर हौसेने जर, टिकल्या, मणी, कापडाच्या साड्या चिकटवलेल्या असायच्या. मला विचाराल तर अशी सजवलेली तसबीर साध्या तसबिरीपेक्षा कितीतरी मोलाची, कारण छापलेल्या चित्रावर त्या घरातल्या बाईचा हात फिरलेला असतो. भिंगाखाली जुन्या छपाईत रंगाचे दाणे वेडेवाकडे दिसतात, आणि आजच्या ऑफसेटमध्ये एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते, लगेच कळतं. फ्रेम जुनी आणि आतलं चित्र नवं हा प्रकार इथे सर्रास चालतो, म्हणून मागचा पुठ्ठा आणि खिळे पण बघा. खिळे नवे चकचकीत असतील तर फ्रेम उघडून दाखवायला सांगा.

आता तो कापलेला स्टार. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला खंडोबाचा टाक (देवघरात पुजायचा, देव कोरलेला धातूचा छोटा पत्रा) दाखवला, घोड्यावर देव, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा, म्हणे दीडशे वर्षं जुना, "घर का माल है मॅडम". ज्यांच्या घरात टाक आहेत त्यांना माहितीये, देवघरातला टाक रोज पाण्याने धुतला जातो, गंध लागतं, सणाला चिंचेने घासला जातो, त्यामुळे देवाचं नाक-डोळे आधी झिजतात. आणि फार झिजले की लोक सोनाराकडे नेऊन टाक उजळून घेतात. या टाकावर मिशीचा केस न् केस दिसत होता आणि खाचांमध्ये काळं बूटपॉलिश, वास पण येत होता. मी तसं शांतपणे सांगितलं तर माणूस चिडला, हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वस्तू नवी असेल तर नवी म्हणून विका, कोणीतरी आवडीने घेईलच की, पण देवाच्या नावावर वय वाढवून सांगणं मला अजिबात पटत नाही.

खरा टाक मिळाला तरी घ्यावा का, तर मी नाही घेत. त्यात कुणाच्या तरी घराण्याचे वीर असतात, पूर्वज असतात, ते आपल्या हॉलमध्ये फोकस लाइटखाली लावायची वस्तू नाही. देवळातून आलेले वाटणारे मुखवटे किंवा दगडी मूर्ती यांना तर हातच लावू नका, चोरीचा माल असू शकतो. आणि कायदा पण आहे, 1972 चा पुरावशेष कायदा, 100 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो, हस्तलिखितं असतील तर 75 वर्षं. असला माल विकायला परवाना लागतो आणि तो देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला लग्नात आजीच्या काळातला करंडा द्यायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नाही असा दाखला घ्या. बिल मागाच. जो दुकानदार वस्तूचं वर्णन लिहून बिल देतो त्याच्याकडेच मी परत जाते.

भाव करावा लागतो, सगळ्यांना माहितीये, जास्त लिहीत नाही. पॅकिंग यथातथाच, घरून जुनी चादर न्या.

घरी आणल्यावर एक कळकळीची विनंती, पितांबरीने घासू नका हो! लोक हौसेने आणतात आणि दुसऱ्या दिवशी घासून लखलखीत करतात, मग त्या अंगावरचा शंभर वर्षांचा रंग गेला तो गेला. मऊ कापड, लागलंच तर साधं साबणाचं पाणी, आणि लगेच कोरडं करायचं, बास.

पहिल्यांदाच जाणार असाल तर त्याआधी पुण्याला शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी 20 हजारांहून जास्त वस्तू जमवल्या आणि 1975 ला सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, त्यातले नुसते दिवे आणि अडकित्ते नीट बघितले तरी नजर तयार होते, मग चोरबाजारात फसायची शक्यता खूप कमी.

आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची, सुटी जुनी पानं कुठे दिसली तर प्लीज घेऊ नका. चित्रकथीची पोथी म्हणजे एका आख्यानाचा अख्खा संच असतो, वीणा, हुडूक (छोटं चामड्याचं वाद्य), टाळ घेऊन एकेक पान दाखवत गोष्ट गायची, त्यातलं पान सुटं विकलं की गोष्टच तुटली. ते चित्र घरात हवंच असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने गोठ्याचं संग्रहालय केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण. तिथे जुन्या पोथ्या डोळे भरून बघा आणि आपल्या भिंतीसाठी नवीन चित्र त्यांच्याच हातचं घ्या, पैसे थेट कलाकाराच्या घरात जातात.