कोलंबस, इंडियानाचे कामगार: सेन्ससच्या साइटवर काय सापडतं, काय निसटतं

इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय असलेलं कोलंबस हे गाव पुण्याच्या इंजिनिअरांना चांगलं माहीत आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५०,४७४. तिथे जाण्याआधी कामगारवर्ग समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकी सेन्सस ब्युरोची मोफत डेटा साइट उत्तम आहे, पण जपून वापरायला हवी.

शोधताना ‘कोलंबस सिटी, इंडियाना’ असंच निवडा, नाहीतर ओहायोचं कोलंबस हाती येतं. मग डीपी०३ हा नमुना सर्वेक्षणावर आधारलेला तक्ता उघडा: रोजगार, उद्योग, उत्पन्न, कामावर जाण्याच्या प्रवासाचा वेळ. एका वर्षाचे आकडे ६५ हजारांहून मोठ्या ठिकाणांचेच मिळतात, म्हणून इथे पाच वर्षांची सरासरी घ्यावी लागते. शेजारचा त्रुटीचा रकाना, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो हे सांगणारा, वगळू नका. छोट्या गटात अंदाज ४०० आणि त्रुटी ±२५० असेल, तर त्या आकड्यावर काहीच ठरवू नये.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. डीपी०३ गावात राहणारे कामगार मोजतो, गावात येऊन काम करणारे नाही. त्यांच्यासाठी ब्युरोचंच ‘ऑन द मॅप’ हे नकाशाचं ऑनलाइन साधन उघडून ‘इनफ्लो/आउटफ्लो’ निवडा. रोज कोण येतं, कोण बाहेर जातं, हे नकाशावर स्वच्छ दिसतं. त्यात स्वयंरोजगारवाले नसतात, आणि अनेक शाखांच्या कंपनीत माणूस नेमका कुठल्या शाखेत, हे बहुतेक अंदाजानेच ठरतं.

भाषेच्या सी१६००१ तक्त्यात मराठी शोधू नका. ती ‘इतर इंडो-युरोपीय’मध्ये हरवते, आणि ही उणीव खरंच खटकते.