पुलाच्या पलीकडचं स्वस्त घर

माझं रोजचं कामच आकड्यांचं. लोकांचे हिशेब तपासायचे, रकाने जुळवायचे, कुठे काही जुळत नसेल तर ते शोधून काढायचं. त्यामुळे आपण आकड्यांतच फसलो हे सांगताना जीभ अडखळते. दोन वर्षं घराबाहेर कुणाला बोलले नव्हते. गेल्या महिन्यात असं काही घडलं की गप्प बसवेना, म्हणून लिहिते आहे.

आम्ही भाड्याने राहत होतो त्या उपनगराला अलीकडचं म्हणते आणि पूल ओलांडला की लागतं त्याला पलीकडचं. खरी नावं देत नाही. दिली तर वाचणारे म्हणतील, 'हं, तिकडे असंच चालतं.' तसं नाही. एक नावाजलेलं आणि दुसरं त्याच्या सावलीतलं, अशी जोडी जवळपास प्रत्येक शहराच्या कडेला सापडते. पलीकडच्याबद्दल लोकांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "आत्ता घेऊन ठेवा, उद्या तिथेही इथलेच भाव होणार." हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं कुणी असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

ज्या एजंटकडे गेलो त्याने पहिल्या भेटीत घर दाखवलंच नाही. कागद दाखवला. डावीकडे अलीकडची बारा घरं, उजवीकडे पलीकडची बारा, प्रत्येकापुढे क्षेत्रफळ, किंमत आणि त्यावरून काढलेला दर, खाली सरासरी. पैशांचे आकडे मी इथे सांगत नाही, प्रमाण कळलं की पुरे. अलीकडचा सरासरी दर १०० धरला तर पलीकडचा ७०. मधे फक्त एक पूल, आणि दरात तीसचा फरक! आमच्यासारख्या भाडेकरूला तो कागद म्हणजे आमंत्रणपत्रिकाच होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. नंतर मी चोवीसच्या चोवीस ओळी तपासल्या.

मग त्याने घर दाखवलं. पुलाजवळच्या नव्या इमारतीत, प्रकाश भरपूर, दर ८२. मी लगेच अडवलं, "पलीकडची सरासरी ७० म्हणता, मग हे ८२ कसं?" तो हसला. "ताई, बरोब्बर प्रश्न विचारलात. सरासरीवर कधी जाऊ नका. या बारांत सात इमारती जुन्या आहेत, लिफ्ट नाही, भिंतींना ओल. त्यांनी सरासरी खाली ओढली आहे. नव्या घराची तुलना नव्याशीच करायची."

हे शंभर टक्के खरं होतं, आणि मी फसले ती या खऱ्या वाक्यावर. स्वतःच्याच कागदातली खोट जो माणूस आपल्या तोंडाने सांगतो, तो फसवेल असं कुणाला वाटेल? माझ्या हे लक्षातच आलं नाही की त्याने तराजूचं एकच पारडं झाडून घेतलं होतं. डावीकडच्या बारांत स्टेशनजवळचे नवे टॉवर भरलेले होते. त्यांनी अलीकडची सरासरी वर ढकलली होती. आम्ही राहत होतो तसल्या, पंधरा-वीस वर्षांच्या धडधाकट इमारती त्या यादीत नावालाही नव्हत्या. 'नव्याची तुलना नव्याशी' हा नियम त्याने ८२ चं समर्थन करायला वापरला. १०० या आकड्याला तो लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. मी मनात वजाबाकी करत होते, १०० उणे ८२, म्हणजे अठराची बचत.

पहिला कानावर पडलेला आकडा डोक्यात खुंटीसारखा बसतो. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात केलेला एक प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध केला. एकच घर काही जणांना दाखवलं, सगळ्यांना माहितीही तीच दिली, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. ज्यांना जास्त सांगितली त्यांनी घराचं मोल जास्त ठरवलं. यात हौशी विद्यार्थी तर होतेच, घरविक्रीच्या धंद्यातले लोकही होते, आणि त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला असं धंद्यातल्या फार थोड्यांनी कबूल केलं. हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं, पण वाचलं ते खरेदीनंतर वर्षाने.

आणखी एक. लोक म्हणतात, घाई करणाऱ्या एजंटपासून सावध राहा. आमच्याने घाई केलीच नाही. "दहा घरं बघा, महिनाभर विचार करा, हे घर कुठे पळून जात नाही." त्याच्या शांतपणालाच मी प्रामाणिकपणा समजले. तो एवढा निवांत का होता ते पुढे येईल.

राहायला गेल्यावर चार महिन्यांनी एका खोलीतली फरशी बदलायची ठरली. कारागिराने फीत लावून मापं घेतली, आणि पुढे कधी काम काढायचं असेल तर असावीत म्हणून मी सगळ्याच घराची घ्यायला सांगितली. बेरीज कागदपत्रांतल्या क्षेत्रफळाच्या चार-पंचमांश भरली. मला वाटलं, त्याचंच चुकलं. पुन्हा मोजायला लावलं. तेवढीच. मग कागदपत्रं काढून बसले तेव्हा कळलं की आमच्या क्षेत्रफळात जिना, लिफ्टसमोरची मोकळी जागा आणि गच्चीचा वाटा धरलेला होता. ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, कुणी लपवलेलं नव्हतं. पण त्या पत्रकात अलीकडच्या बारा घरांचे दर भिंतींच्या आतल्या जागेवर काढले होते आणि पलीकडच्या बारांचे या फुगवलेल्या क्षेत्रफळावर. भाजक मोठा केला की दर लहान दिसतो, हे शाळकरी पोरालाही कळतं.

त्या रात्री मी ८२ ला चार-पंचमांशने भागलं. उत्तर आलं १०२.५. 'स्वस्त' उपनगरात मी वावरायच्या जागेला महागड्या उपनगराच्या सरासरीपेक्षा जास्त दर मोजला होता.

एकदा धागा हाती लागल्यावर मी थांबले नाही. अलीकडच्या बारा किमती म्हणजे झालेले व्यवहार नव्हते, मालकांनी जाहिरातीत मागितलेल्या रकमा होत्या. पलीकडच्या बारा मात्र खरोखर झालेल्या, नोंदलेल्या विक्रीच्या. एका बाजूला लोकांची इच्छा, दुसऱ्या बाजूला लोकांचा व्यवहार. अलीकडच्या त्या घरांपैकी विकली गेलेली शोधून काढली, तर मागितलेल्या रकमेपेक्षा साधारण आठ टक्के खाली गेली होती. म्हणजे १०० चे झाले ९२. पलीकडचे ७० भिंतींच्या आतल्या मापात आणले की ८७.५. तीसचा फरक साडेचारवर आला. आणि आमच्या घराएवढंच, आमच्या इमारतीच्याच वयाचं एक घर अलीकडे, आमच्या जुन्या गल्लीच्या मागे, ९४ ने गेलं होतं, आम्ही व्यवहार केला त्याच महिन्यात.

नवऱ्याला सगळं मांडून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपण पूल ओलांडलाच कशाला?"

दोन शेजारच्या भागांची तुलना नीट करता येते, फक्त ती सरासऱ्यांची नसते. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांचा १९९९ सालचा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यामधल्या उपनगरांचा. चांगल्या शाळेसाठी आईबाप घराला किती जास्त मोजतात, हा प्रश्न. त्यांनी अख्खी उपनगरं समोरासमोर ठेवली नाहीत. शाळेच्या हद्दीच्या रेषेला लागून, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, अशी घरं घेतली. रस्ता तोच, झाडं तीच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तिथे घराला सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मिळत होती. नेहमीच्या पद्धतीने काढला तर हाच परिणाम जवळपास दुप्पट दिसायचा, कारण चांगल्या शाळेच्या भागात बाकीच्या गोष्टीही चांगल्या असतात आणि त्यांचंही श्रेय शाळेच्या नावावर जमा होतं. आमच्या पुलाचंही असंच करायला हवं होतं. पुलाच्या या टोकाची चार घरं आणि त्या टोकाची चार. दोन रविवारांचं काम.

'भाव वाढताहेत' याचाही एजंटकडे कागद होता. तीन वर्षांत पलीकडची सरासरी पाचव्या हिश्श्याने वर. ती आकडेवारीही खरी. पण त्या तीन वर्षांत तिथे दोन मोठे टॉवर विकले गेले होते, सरासरी त्यांनी उचलली. जुन्या घरांची किंमत होती तिथेच होती. भाव खरंच वाढला का हे बघायचं तर तेच घर दोनदा विकलं गेलेलं शोधावं लागतं. ही युक्ती नवी नाही. बेली, मुथ आणि नूर्स या अभ्यासकांनी ती १९६३ साली मांडली, पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांचा घरांच्या किमतींचा निर्देशांक त्यावरच उभा राहिला. आमच्या इमारतीत दोनदा विकलं गेलेलं एक घर होतं. ते आमचंच होतं. दुर्दैव असं की मी ते बघितलं नाही.

त्याचं झालं असं. घराच्या मागच्या मालकीची कागदपत्रं खरेदीआधीच माझ्या हातात होती. मी नावं वाचली, सह्या वाचल्या, कर्ज नाही याची खात्री केली. तारीख आणि रक्कम यांवरून नजर फिरली, पण डोक्यात काही शिरलं नाही. आम्हाला विकणाऱ्याने ते घर अकराच महिन्यांपूर्वी घेतलं होतं, ८२ च्याच मापात ६४ ने. अकरा महिन्यांत ६४ चे ८२. आणि विकणारा कोण? एजंटचा भागीदार. दोघांच्या कार्यालयाचा पत्ता एकच होता, तोही कागदावर छापलेला.

तो निवांत का होता ते तेव्हा उलगडलं. लेविट आणि सायव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. ग्राहकाचं घर असेल तर वाढीव किमतीतला अगदी लहान वाटा त्यांच्या खिशात जातो, म्हणून ते लवकर उरकतात. आपलं असलं की थांबतात. 'हे घर कुठे पळून जात नाही' हे वाक्य मालकाचं होतं. मी ते सल्लागाराचं समजून ऐकलं, वर दलालीही दिली.

वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद वाचून सांगितलं की आकड्यांच्या तुलनेवर भांडायला जागा जवळजवळ नाही. प्रत्येक आकडा खरा आहे आणि कुठलं माप वापरलं तेही बारीक अक्षरांत तळाशी दिलेलं आहे. स्वतःचा हितसंबंध लपवून आमच्याकडून दलाली घेतली, तेवढाच मुद्दा भक्कम. नोटीस गेल्यावर दलाली परत आली. घराची किंमत काय परत येणार?

पुलाबद्दल एकच सांगते. एजंटने आम्हाला प्रत्येक वेळी रविवारी दुपारी नेलं होतं, पाच मिनिटांत पार. कामाच्या दिवशी सकाळी त्याच पुलाला पंचवीस मिनिटं लागतात. जो साडेचारचा फरक खरा होता, तो बहुधा याच पुलाचा होता. बाजाराला तो केव्हाच माहीत होता.

आता गेल्या महिन्याचं. खालच्या मजल्यावर एक रिकामं घर आहे, ते बघायला एक तरुण जोडपं आलं होतं. लिफ्टमध्ये भेटले, मुलीने विचारलं, "काकू, इथे कसं वाटतं राहायला?" तिच्या हातात एक कागद होता. तीच मांडणी, डावीकडे बारा, उजवीकडे बारा. मी मागून घेतला. उजव्या रकान्यातल्या चौथ्या ओळीत आमचं घर होतं. ८२. त्याच्यापुढे हिरवा बाण, वर जाणारा.

मी फसून दिलेली किंमत नोंदली गेली होती, म्हणजे तीही आता खरा आकडा झाली होती.

त्यांना वर घेऊन गेले. फरशीवाल्याने घेतलेली मापं अजून ड्रॉवरमध्ये आहेत, ती काढून समोर ठेवली. मुलगा मोबाइलवर भागाकार करायला लागला, मुलगी गप्प बसून त्याच्याकडे बघत होती. मग तिने आमच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे घर आधी कधी विकलं गेलं होतं, काकू?"