आधी कोणता बघावा: 'बेल द जूर' की 'ला पियानिस्त'?

लुईस बुन्युएलचा 'बेल द जूर' (१९६७) आणि मिखाएल हानेकेचा 'ला पियानिस्त' (२००१) हे दोन्ही चित्रपट इरॉटिक ड्रामा म्हणून ओळखले जातात. उघडी अंगं बघायला बसाल तर दोन्ही निराश करतील. चारचौघांत ताठ मानेनं वावरणारी बाई बंद दाराआड स्वतःवर दुसऱ्याची हुकमत का मागते, हा दोघांचाही विषय.

बुन्युएलची सेवरिन (कॅथरीन दनव्ह) पॅरिसमधल्या एका सर्जनची बायको. नवरा देखणा, समंजस, तरी त्याच्याशी जवळीक जमत नाही. मग ती मादाम अनाइसच्या कुंटणखान्यात जायला लागते. दुपारी दोन ते पाच, नवरा घरी यायच्या आत परत. हुकूम गिऱ्हाईक सोडतं, पण वेळ सेवरिन ठरवते आणि तिची खरी सत्ता तिथंच आहे. मार्सेल नावाचा गुंड ही वेळ जुमानत नाही, तेव्हापासून सगळं फिसकटतं. बुन्युएल मोठा मिश्कील. एक गिऱ्हाईक गुंजारव करणारी डबी घेऊन येतं, आत काय आहे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. घोडागाडीच्या घुंगरांवर कान ठेवा. सेवरिनचं स्वप्न कुठलं नि खरं कुठलं याचा अंदाज तिथून बांधता येतो, आणि शेवटी तोही फसतो. एक मात्र खटकतं: ही बाईची कल्पना की बाईबद्दल पुरुषाची, असा संशय मला दर वेळी येतो.

हानेकेकडे मिश्किली औषधालाही नाही. एल्फ्रीडे येलिनेकच्या कादंबरीवरचा हा चित्रपट व्हिएन्नात घडतो, पात्रं मात्र फ्रेंच बोलतात. एरिका कोहुट (इझाबेल ह्युपेर) काँझर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, पियानो शिकवते. शूबर्ट या संगीतकाराची रचना वाजवताना कुणी चुकलं की त्याला सोलून काढते. घरी हीच बाई आईला झडतीसाठी पर्स दाखवते आणि आईशेजारच्या पलंगावर झोपते. वॉल्टर (बेनुआ माजिमेल) हा तरुण विद्यार्थी प्रेमात पडतो, तेव्हा ती त्याला पत्र देते: माझ्याशी काय करायचं, कसं करायचं, सगळ्या अटींसकट. खोलीच्या दाराला फर्निचर लावून, आई पलीकडून ठोठावत असताना तो ते मोठ्यानं वाचतो. माझ्या मते या विषयावर यापेक्षा भेदक प्रसंग फ्रेंच सिनेमात सापडणं कठीण. कागद हातात पडताच अटी तिच्या उरत नाहीत. पुढे त्याच अटींचं निमित्त करून तो जे करतो, त्याला संमती म्हणता येत नाही. कान चित्रपट महोत्सवात ग्रँ प्री या पुरस्कारासोबत ह्युपेर आणि माजिमेल दोघांनाही अभिनयाची पारितोषिकं मिळाली, ती उगाच नाहीत.

चित्रपट म्हणून 'ला पियानिस्त' सरस, तरी सुरुवात 'बेल द जूर'नंच करा. तो जेमतेम पावणेदोन तासांचा, जोडीदारासोबत बसून बघता येईल असा, आणि नंतर गप्पा रंगतात. 'ला पियानिस्त'मध्ये लैंगिक हिंसा आहे, स्वतःला इजा करणं आहे. मन थाऱ्यावर नसेल तर पुढे ढकला. बघाल तेव्हा एकट्यानं बघा.

दोन्ही पचले तर ह्युपेरचाच, पॉल व्हरहोव्हननं केलेला 'एल' (२०१६) आहे. तो सुरूच बलात्कारानं होतो, तेव्हा नाव ऐकून सहज लावू नका.